दुखरा बिंदू: आधी शोधा, मग समजून घ्या, मगच सैल करा

ठाणे-नवी मुंबईच्या कुठल्याही फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये इंटर्नशिपचे पहिले काही आठवडे काढले की एक वाक्य पाठ होतं: "मॅडम, बरोबर इथेच दुखतंय, जरा जोरात दाबा." ऐरोली-महापेच्या कंपन्यांत दिवसभर लॅपटॉपसमोर बसणारी मुलगी हेच म्हणते आणि वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गोण्या वाहणारे माथाडी काकाही हेच म्हणतात. नवा फिजिओथेरपिस्टही नेमकी जागा हाताला लागल्याच्या आनंदात अंगठा रोवून दाबत सुटतो. पेशंटला तेवढ्यापुरतं मोकळं वाटतं, दुसऱ्या दिवशी तिथेच ठणका लागतो, आणि ती जागा मुळात का दुखत होती हे दोघांपैकी कुणालाच कळलेलं नसतं.

ऑस्टिओपॅथीत, म्हणजे हाडं-स्नायूंवर हातांनी उपचार करण्यावर भर देणाऱ्या पद्धतीत, या जागांना टेंडर पॉइंट म्हणतात. त्या कशा शोधायच्या, काय पाहिल्यावर हात मागे घ्यायचा, आणि काउंटरस्ट्रेन या तंत्राने, म्हणजे शरीर आरामाच्या स्थितीत धरून ठेवून, त्या सैल कशा करायच्या, हे इथे टप्प्याटप्प्याने सांगते. हे फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि नुकती प्रॅक्टिस सुरू केलेल्यांसाठी आहे. मनात एक गोष्ट पक्की ठेवून पुढे वाचा: या पद्धतीत दाब असतो तो तपासणीसाठी. उपचारात दाब नसतो.

हे आलं कुठून

अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये ऑस्टिओपॅथीचा विचार मांडला आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिलमध्ये तिचं पहिलं कॉलेज काढलं. अमेरिकेत आज ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेली व्यक्ती पूर्ण डॉक्टर असते. औषधं लिहिते, ऑपरेशनही करते. इतर बऱ्याच देशांत ऑस्टिओपॅथ फक्त हातांनी उपचार करतो. आपल्याकडे ही तंत्रं बहुतेक करून फिजिओथेरपिस्ट शिकतात आणि वापरतात. पेशंटने "तुम्ही ऑस्टिओपॅथ का?" असं विचारलं तर आपली पदवी काय आणि आपण कोणतं तंत्र वापरतो, हे स्पष्ट सांगायचं.

टेंडर पॉइंटची गोष्ट लॉरेन्स जोन्स या ऑस्टिओपॅथपासून सुरू होते. १९५५ मध्ये त्यांच्याकडे कंबरेच्या दुखण्याने वाकलेला एक तरुण आला. नेहमीच्या उपचारांनी काहीच फरक पडत नव्हता, रात्री झोपही लागत नव्हती. निदान झोप तरी मिळावी म्हणून जोन्स यांनी त्याला वेगवेगळ्या स्थितीत ठेवून पाहिलं, जिथे दुखणं सर्वांत कमी झालं तिथे उशा लावून त्याला तसंच सोडलं आणि ते दुसऱ्या पेशंटकडे गेले. परत आले तेव्हा तो तरुण सरळ उभा राहू शकत होता. न दाबता, न ओढता, न मोडता. पुढची कित्येक वर्षं जोन्स यांनी कोणत्या दुखण्यात कोणता बिंदू दुखरा होतो आणि शरीर कसं ठेवलं की तो शांत होतो याची नोंद केली. ती पद्धत त्यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केली.

त्यांच्या लक्षात आलेली आणखी एक गोष्ट नवख्यांनी विशेष लक्षात ठेवावी. दुखणं पाठीत असलं तरी बिंदू अनेकदा पुढच्या बाजूला, पोटावर किंवा जांघेत सापडतो. पेशंट पाठीकडे बोट दाखवतो आणि आपण पाठच चाचपत बसतो. पुढची बाजू न तपासता "काही सापडलं नाही" असं केस पेपरवर लिहू नका.

एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेगळ्या गोष्टी

क्लिनिकमध्ये सगळे सरसकट "गाठ आलीये" म्हणतात. पेशंटने म्हणायला हरकत नाही. आपण म्हणताना मात्र फरक कळला पाहिजे.

जोन्स यांचा टेंडर पॉइंट छोटा असतो, साधारण बोटाच्या टोकाएवढा. दाबला की तिथेच दुखतं, कळ दुसरीकडे जात नाही. आजूबाजूच्या भागापेक्षा तो स्पष्टपणे जास्त दुखतो. स्नायूत, स्नायू हाडाला जिथे चिकटतो तिथे किंवा हाडं एकमेकांना बांधणाऱ्या लिगामेंटवर तो सापडतो.

ट्रिगर पॉइंट वेगळा. जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या डॉक्टरांनी त्याचा सविस्तर अभ्यास मांडला. स्नायूत दोरीसारखा ताठ पट्टा लागतो, त्यातल्या एका जागी दाबलं की कळ लांब जाते. मानेजवळ दाबलं की कानशिलात, कुल्ल्यावर दाबलं की मांडीत. पट्टा आडवा छेडला तर स्नायू क्षणभर फडफडतो. प्रत्यक्षात एकाच जागी दोन्हींची लक्षणं दिसू शकतात. तेव्हा जे दिसलं तेच लिहा, ओढूनताणून एका खान्यात बसवू नका.

चॅपमन पॉइंट तिसरे. फ्रँक चॅपमन या ऑस्टिओपॅथच्या मते आतल्या अवयवांत बिघाड झाला की शरीराच्या ठराविक जागी, त्वचेखाली खोल, दोन-तीन मिलिमीटरच्या घट्ट, गुळगुळीत गुठळ्या लागतात. अपेंडिक्सची जागा उजव्या बाराव्या बरगडीच्या टोकाशी, हृदयाची छातीच्या मधल्या हाडाजवळ दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मध्ये, आणि असा पूर्ण नकाशा आहे. ऑस्टिओपॅथीच्या शिक्षणात तो अजून शिकवतात. त्यामागचा वैज्ञानिक पुरावा मात्र कमकुवत आहे. असा बिंदू लागला म्हणून "तुमच्या लिव्हरला त्रास आहे" असं पेशंटला कधीही सांगू नका. असं एक वाक्य एखाद्या घराची महिनाभराची झोप उडवतं.

चौथी गोष्ट फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखत राहण्याचा जुनाट आजार. १९९० च्या अमेरिकन निकषांत शरीरावर १८ ठरलेल्या जागा होत्या. तिथे साधारण ४ किलोचा दाब द्यायचा आणि ११ किंवा अधिक जागा दुखल्या तर निदानाला आधार मिळायचा. २०१० च्या निकषांत बिंदू मोजणं काढून टाकलं आणि दुखणं किती भागांत पसरलंय, थकवा, झोप, स्मरणशक्ती यांवर भर दिला. तरीही जुनं कोष्टक बऱ्याच वह्यांमध्ये तसंच फिरतंय. अंगभर दुखणाऱ्या बाईंच्या अंगावर १८ जागा दाबून निदान करायचा काळ संपला. त्यांना झोप कशी लागते हे विचारा.

पहिली पायरी: हात लावण्याआधी विचारा

पेशंट टेबलावर झोपण्याआधी खुर्चीत असतानाच बोलणं उरकायचं. दुखणं कधी सुरू झालं, काय करताना, कसल्या हालचालीत वाढतं, कसं बसलं-झोपलं की बरं वाटतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर उपचारात थेट कामाला येतं, कारण पेशंटला स्वतःलाच सापडलेली आरामाची स्थिती बहुतेक वेळा आपल्या उपचाराच्या स्थितीजवळची असते. "रात्री पाय पोटाशी घेऊन झोपलो की बरं वाटतं" असं कुणी म्हणालं, तर पुढच्या बाजूचा बिंदू शोधायचा हे तेव्हाच मनात नोंदवा.

मग धोक्याचे प्रश्न. संध्याकाळी येणारा ताप, कमी होत गेलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. आपल्या भागात मणक्याचा टीबी अजिबात दुर्मीळ नाही, आणि तो कितीतरी वेळा "नुसतं कंबरदुखी" म्हणून फिजिओच्या टेबलावर येतो. नेमक्या एका मणक्याच्या हाडावर टकटक केल्यावर दुखत असेल आणि सोबत ताप किंवा वजन घटणं असेल, तर तो टेंडर पॉइंट समजायचा नाही. बिंदू शोधणं थांबवा आणि पेशंटला डॉक्टरांकडे पाठवा.

कॅन्सर होऊन गेलेला असणं, पडणं किंवा अपघात, बरीच वर्षं स्टिरॉइड, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, बसायच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होणं, यांपैकी काहीही असेल तरी तेच. डाव्या खांद्यात, हातात किंवा जबड्यात दुखतंय आणि घाम फुटलाय, श्वास लागतोय, तर खांद्याला हातही न लावता १०८ ला फोन करायचा. एकाच पोटरीला सूज, गरमपणा आणि दाबल्यावर दुखणं असेल तर ती जागा पुन्हा दाबू नका, चोळणं तर लांबच. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.

एक साधी तपासणी मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला करायला लावते: नडगीच्या हाडावर आणि छातीच्या मधल्या हाडावर अंगठ्याने दाबून बघा. तिथे स्नायू जवळजवळ नसतो. तिथेही कळवळून दुखलं तर दुखणं हाडाचं आहे, आणि डी जीवनसत्त्वाची कमतरता डोक्यात यायला हवी. सकाळी अंधारात घर सोडून एसी डब्यातून एसी ऑफिसात जाणाऱ्या आणि रात्री परतणाऱ्या माणसांचं हे शहर आहे. अंगभर दुखरे बिंदू सापडत असतील, तर त्यांच्यामागे धावण्याआधी रक्ततपासणीसाठी डॉक्टरांना दोन ओळींची चिठ्ठी लिहा.

दुसरी पायरी: बोटाला दाब शिकवा

नखं कापलेली आणि हात कोमट हवेत. एसी केबिनमध्ये गार बोटांनी चाचपलं की पेशंट आकसतो आणि सगळंच ताठ लागतं.

दाब किती द्यायचा याचा ढोबळ नियम असा, की आपल्या नखाखालची गुलाबी जागा पांढरी पडेपर्यंत. पण हे वाचून येत नाही. घरात ५ किंवा १० किलोपर्यंतचा डिजिटल वजनकाटा असतो, तो ओट्यावर ठेवा आणि डोळे मिटून पहिल्या बोटाच्या पेराने दाबा. मग डोळे उघडून आकडा बघा. १ किलो, २ किलो, ४ किलो असे आकडे सांगून दाबता येईपर्यंत रोज थोडा वेळ करा. सुरुवातीला बहुतेकांचा दाब ठरवल्यापेक्षा बराच जास्त येतो, आणि दोन्ही हातांचा सारखा येत नाही. नखाचा रंग कोणत्या आकड्याला बदलतो तेही पाहून ठेवा. निरोगी स्नायूवर एवढा दाब नुसता दाब म्हणून जाणवतो, दुखत नाही. ज्या जागी तो दुखतो ती आपल्या कामाची.

दाब नेहमी पेराच्या मऊ भागाने द्यावा, टोकाने नाही. अंगठ्याला कमी कळतं आणि तो जास्त दाबतो, म्हणून शोधताना मधली दोन बोटं वापरा.

तिसरी पायरी: शोध

ऑस्टिओपॅथीत चार गोष्टी एकत्र पाहतात: ऊतींचा पोत बदललाय का, दोन बाजूंत फरक आहे का, हालचाल अडते का, आणि दुखतंय का. नवखे चौथीवरून सुरू करतात. उलट करा. आधी तळहात हलका ठेवून कुठे गरम, कुठे ओलसर, कुठे घट्ट लागतंय ते बघा. मग बोटं त्वचेसकट हलवत खाली जा. त्वचेवरून बोट घसरवायचं नाही. घट्ट जागा हाताला आधी लागली पाहिजे, "दुखतंय" हे पेशंटने नंतर सांगितलं पाहिजे. दोन्ही जुळलं की बिंदू पक्का.

दुसरी बाजू तपासल्याशिवाय कुठलाच बिंदू लिहू नका. मानेच्या मुळाशी दाबलं तर निम्म्या शहराला दुखेल. उजवीकडे दहापैकी आठ आणि डावीकडे तीन असेल, तर त्याला अर्थ आहे. दोन्हीकडे सात असेल तर तुमचा दाब जास्त आहे, किंवा दुखणं त्या एका बिंदूचं नाही.

चेहऱ्याकडे बघत राहा. आपली बरीचशी माणसं, विशेषतः वयस्कर, विचारलं तरी "चालेल, चालेल" म्हणतात. भुवई मात्र आक्रसते आणि श्वास अडतो.

जांघेजवळ, छातीवर, कुल्ल्यावर बिंदू शोधायचा असेल तर आधी सांगा, विचारा, आणि "हो" ऐकल्यावरच हात लावा. पेशंट बाई असेल आणि तपासणारा पुरुष असेल, तर क्लिनिकमधल्या ताईंना किंवा पेशंटच्या नातेवाइकाला पडद्याच्या आत उभं करा. ओटीपोटाच्या खालच्या बिंदूंसाठी एक सोपा मार्ग आहे: पेशंटला स्वतःच्याच बोटाने जागा दाखवू द्या आणि तिच्या बोटावर आपलं बोट ठेवा. कपड्यावरूनही बिंदू सापडतो.

हेही जाणून असा, की दोन तपासणाऱ्यांना एकच बिंदू सापडतो का, यावर झालेल्या अभ्यासांत एकमत फारसं चांगलं आलेलं नाही. म्हणून एका बिंदूवर निदानाची इमारत उभी करायची नाही. हालचाल, ताकद, नसांची तपासणी हे सगळं त्याच्या जोडीला हवंच.

एक बिंदू जवळून

कमरेच्या हाडाच्या आतल्या बाजूने मांडीकडे जाणाऱ्या इलियाकस स्नायूचा बिंदू निवडते, कारण त्यात या विषयातलं जवळजवळ सगळं येतं.

समजा, मार्केटातले एक माथाडी काका आलेत. ५० किलोची गोण पाठीवर, वाकून चालणं, गाडीतून माल खाली घेणं. तक्रार अशी: कंबर धरलीये, बसून उठलं की पहिली काही पावलं वाकूनच टाकावी लागतात, मग हळूहळू सरळ होता येतं. पाठीवर चाचपलं तर सगळीकडे थोडंथोडं, ठळक असं काही नाही. आता पुढून बघायचं.

काकांना उताणं झोपवा, गुडघे दुमडून. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक बोटाने शोधा. तिथून पोटाच्या मध्यरेषेपर्यंतच्या अंतराचा एक तृतीयांश आत या आणि श्वास सोडताना बोटं हळूहळू खोल, मागच्या आणि बाहेरच्या दिशेने उतरवा. इथे घाई करायची नाही. पोट घट्ट झालं तर थांबा, पुढच्या श्वासाला उतरा. बिंदू असेल तर काका एकदम "हां, हां, तिथेच" म्हणतील, आणि बऱ्याचदा नवल करतील, कारण पुढे काही दुखतंय हे त्यांना माहीतच नसतं.

आता थांबून विचार करायचा. चार्ल्स मॅकबर्नी या सर्जननी १८८९ मध्ये अपेंडिक्सच्या सुजेत दुखणारी जी जागा सांगितली, ती कमरेच्या हाडाच्या याच टोकापासून बेंबीपर्यंतच्या अंतराच्या एक तृतीयांशावर आहे. म्हणजे उजव्या बाजूला तुमचं बोट दोन्ही बिंदूंच्या अगदी शेजारी आहे. काकांना विचारा: ताप, मळमळ, उलटी, भूक मेलीये का, दुखणं आधी बेंबीभोवती होतं आणि मग उजवीकडे सरकलं का. दाबलेलं बोट पटकन काढल्यावर कळ वाढते का, खोकल्यावर तिथे दुखतं का, पोट सतत ताठ आहे का. एकाचंही उत्तर "हो" आलं तर उपचार बंद, त्याच दिवशी सर्जन. पेशंट स्त्री असेल तर पाळीची तारीख विचारणं सोडू नका. नळीतला गर्भ किंवा पीळ बसलेलं बीजांडकोश याच भागात दुखतं.

इथे एक सापळा आहे आणि तो नीट समजून घ्या. काउंटरस्ट्रेनमध्ये आपण पाय दुमडून बिंदू शांत होतो का ते बघतो. पण मोठ्या आतड्याच्या मागे दडलेलं सुजलेलं अपेंडिक्स, किंवा मणक्याच्या टीबीतून सोआस या कण्यापासून मांडीकडे जाणाऱ्या स्नायूत उतरलेला पू, यांतही पेशंट पाय दुमडूनच पडून राहतो, कारण त्याला तसंच बरं वाटतं. म्हणजे पाय दुमडल्यावर दुखणं कमी झालं, एवढ्यावरून ते स्नायूचंच आहे असं सिद्ध होत नाही. म्हणूनच प्रश्न आधी, स्थिती नंतर.

सगळी उत्तरं "नाही" आली, दुखणं हालचालीनेच बदलतंय, ताप नाही, भूक चांगली आहे, तर पुढे जा.

चौथी पायरी: सैल करणं

काकांना सांगायचं, "काका, हा बिंदू आत्ता जेवढा दुखतोय त्याला आपण दहा म्हणू. मी तुमचे पाय हलवत जाईन, तुम्ही अंग सैल सोडा आणि मी विचारीन तेव्हा फक्त आकडा सांगा."

एक बोट बिंदूवर राहील. दुसऱ्या हाताने दोन्ही गुडघे पोटाकडे आणा, घोटे एकमेकांवर टाका आणि गुडघे बाहेर पडू द्या, मांडी घालताना पडतात तसे. पायांचं वजन आपल्या मांडीवर किंवा उशांवर घ्या. मध्येच पुन्हा तेवढाच दाब देऊन विचारा.

"आता?"

"आठ असेल."

थोडे अजून वर.

"आता?"

"सहा... नाही, पाच."

गुडघे जरा दुखऱ्या बाजूकडे झुकवा. आता हालचाल अगदी बारीक, बोटभर इकडे, बोटभर तिकडे. एका जागी बोटाखालचा घट्टपणा विरघळल्यासारखा वाटतो आणि काका म्हणतात, "आता काहीच नाही हो, तुम्ही दाबताय ना?" तीच जागा. आकडा तीन किंवा त्याखाली यायला हवा, म्हणजे दुखरेपणा निदान ७० टक्के कमी. पाचवर समाधान मानून थांबू नका, अजून शोधा.

इथे ९० सेकंद धरायचं. बोट बिंदूवर ठेवायचं, पण दाब काढून. ते फक्त जागा हरवू नये आणि ऊती सैल होताना कळावं म्हणून. याच वेळी नवख्यांचा अंगठा नकळत पुन्हा दाबायला लागतो. घड्याळ बघा, अंदाजाने ९० सेकंद नेहमी कमीच भरतात. बरगड्यांच्या बिंदूंना १२० सेकंद द्यायचे असतात. पेशंटने काहीही स्वतःहून उचलायचं, धरायचं नाही. पाय हातात जड लागला पाहिजे. हलका लागला तर काका मदत करताहेत, त्यांना पुन्हा सैल सोडायला सांगा.

मग परत आणणं, आणि ते अगदी हळू, विशेषतः सुरुवातीचा भाग. सगळं काम तुम्ही करायचं. पेशंट "झालं का?" म्हणत स्वतःच पाय सोडतो आणि केलेलं वाया जातं, म्हणून धरायच्या आधीच सांगून ठेवा: "मी सांगेपर्यंत उठायचं नाही."

सरळ झोपवल्यावर पुन्हा त्याच दाबाने तपासा. तीन किंवा कमी असेल तर झालं. मग उभं करा, चालायला लावा आणि ज्या हालचालीची तक्रार होती तीच करून घ्या. बसून उठणं सुधारलं नसेल तर बिंदू शांत झाल्याचा काकांना काही उपयोग नाही. दुसरं कारण शोधा.

यामागचा मांडलेला विचार असा, की स्नायू आखडलेल्या अवस्थेतून अचानक ताणला गेला की त्यातले ताण मोजणारे तंतू चुकीचा इशारा देत राहतात आणि स्नायू आवळलेला राहतो. त्याला आखडलेल्याच स्थितीत निवांत ठेवलं की तो इशारा शांत होतो. हे पटणारं असलं तरी पूर्ण सिद्ध झालेलं नाही. तंत्रावरचे प्रयोग लहान आहेत. दाबल्यावरचं दुखणं लगेच कमी होतं याला थोडाफार आधार मिळतो, लांबच्या फायद्याला कमी. म्हणून व्यायाम, कामाच्या पद्धतीतला बदल आणि चालणं-फिरणं याची जागा हे तंत्र घेऊ शकत नाही. त्यांना वाट मोकळी करून देतं, तेवढ्यासाठी ते मला फार मोलाचं वाटतं.

इतर नेहमीचे बिंदू

पुढच्या बिंदूंना सहसा शरीर पुढे दुमडून, मागच्या बिंदूंना मागे वाकवून आराम मिळतो. मध्यरेषेपासून बिंदू जितका लांब, तितकं बाजूला झुकवणं किंवा वळवणं जास्त लागतं. एवढं कळलं तरी नकाशा पाठ नसताना बरंच काम होतं.

मानेपासून खांद्याकडे उतरणाऱ्या ट्रॅपेझियसचा बिंदू रोज दिसेल. ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये एका हाताने वरची कडी आणि दुसऱ्या खांद्यावर लॅपटॉपची बॅग, वर आठ तास स्क्रीन. पेशंट उताणा, डोकं दुखऱ्या बाजूकडे झुकवा, त्याच बाजूचा हात बाजूने साधारण ९० अंशांपर्यंत वर आणा आणि थोडं पुढेमागे करून जागा शोधा. मानेत मात्र जपून. चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ जड होणं असा काहीही इतिहास असेल, तर मान मागे वाकवून वळवायची नाही.

कुल्ल्यावरचा पिरिफॉर्मिसचा बिंदू माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाची कड आणि खुब्याचं बाहेरचं टोक यांच्या मध्यावर सापडतो. पेशंट पालथा, त्या बाजूचा पाय टेबलाखाली लोंबता, मांडी बरीच दुमडून बाहेर वळवलेली. पाय जड असतो, म्हणून आपण स्टुलावर बसून तो आपल्या मांडीवर घ्या, नाहीतर ९० सेकंदांत आपलीच कंबर धरेल.

बिंदू बरेच सापडले तर सर्वांत दुखरा आधी घ्या. एका रांगेत असतील तर मधला. एका वेळी पाच-सहापेक्षा जास्त नको. फ्रॅक्चर असेल, लिगामेंट फाटलं असेल किंवा पेशंटला अंग सैल सोडताच येत नसेल, तर हे तंत्र करायचं नाही. हाडं ठिसूळ झालेल्या आजींना टोकाच्या स्थितीत नेऊ नका.

पेशंटला काय सांगायचं, काय लिहायचं

"जोरात दाबा" म्हणणाऱ्याला रागावू नका. आयुष्यभर त्याने चोळून आणि दाबूनच बरं वाटून घेतलंय. त्याला एवढंच सांगा: "दाबून बघितलं ते जागा शोधायला. आता दाबणार नाही, अशा स्थितीत ठेवणार की ती जागा स्वतः सुटेल. दोन मिनिटं द्या." नंतर पुन्हा तपासताना आकडा खाली आलेला तो स्वतःच सांगतो, आणि मग पटवून द्यावं लागत नाही. एक-दोन दिवस अंग जरा दुखेल, हेही आधीच सांगा, नाहीतर रात्री नऊ वाजता फोन येतो. त्या दिवशी गोण्या उचलणं, जिम, घोडबंदर रोडवरच्या खड्ड्यांतून बाइकचा लांब फेरा टाळायला सांगा.

"तुमच्या स्नायूत गाठ आहे" असं म्हणू नका. गाठ म्हटलं की माणसाच्या डोक्यात काय येतं ते तुम्हालाही माहीत आहे. "ही जागा आवळली गेलीये" एवढं पुरतं.

केस पेपरवर बिंदूची नेमकी जागा, बाजू, आधीचा आकडा, कोणत्या स्थितीत तो कमी झाला, किती वेळ धरलं, नंतरचा आकडा आणि तक्रारीच्या हालचालीत काय बदललं, हे सगळं लिहा. उदाहरणार्थ: "उजवा इलियाकस, १०, दोन्ही गुडघे दुमडून, घोटे एकमेकांवर, गुडघे उजवीकडे, ९० सेकंद, नंतर २, बसून उठताना सरळ होणं सोपं. ताप, मळमळ नाही, पोट मऊ." शेवटची ओळ गाळायची नाही. रात्री पोट दुखून काका दवाखान्यात गेले, तर तिथल्या डॉक्टरांना दुपारी पोट कसं होतं हे त्या ओळीवरून कळतं.

दोन-तीन भेटींत तोच बिंदू तेवढ्याच आकड्यावर परत येत असेल, तर चौथ्यांदा तेच करू नका. काम, बसणं, गादी, बूट यांकडे बघा. रक्ततपासणी, एक्सरे लागतो का ते डॉक्टरांना विचारा. आणि सराव पेशंटवर सुरू करू नका. हॉस्टेलमधल्या मैत्रिणीवर, घरात आई-बाबांवर, त्यांच्या परवानगीने, ट्रॅपेझियसपासून सुरुवात करा. तो सहज हाताला लागतो, समोरच्याला लगेच फरक सांगता येतो, आणि तिथे बोट चुकलं तरी फारसं बिघडत नाही. पोटावरचे बिंदू अनुभवी व्यक्ती शेजारी उभी असतानाच शिका.